मानसिंगरावांचे मुजरे

आमच्या ग्वाल्हेरच्या थाटीपुरात सकाळी दूध घालायला येणाऱ्या माणसाला कुणी मुजरा करत नाही. मानसिंगराव करायला लागले तेव्हा दूधवाला आधी बिचकला, मग खूश झाला आणि त्यानंतर त्यांच्या घरी दाट दूध येऊ लागलं. निदान सुधाताईंचं तरी तसं म्हणणं होतं. मी जन्मभर शाळेत गणित शिकवलं. पुराव्याशिवाय दूध दाट झालं असं मी मानत नाही. आता हे सगळं हसून सांगता येतं, म्हणून सांगते.

सुधाताई या मानसिंगरावांच्या पत्नी. त्यांची आणि माझी भिंत एक आहे, त्यामुळे त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या मी मोजते आणि माझी बडबड त्या ऐकतात. मानसिंगराव पाणीपुरवठा खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झाले. शेजारच्या मुरार भागातल्या अर्ध्या नळांचे पाइप त्यांनी उन्हात उभं राहून टाकून घेतलेले, पण त्याबद्दल ते अवाक्षर काढायचे नाहीत. ते बोलायचे पगडीबद्दल. त्यांचे पूर्वज दख्खनेतून घोड्यावर बसून इकडे आले. पुढे घोडा गेला, तलवार गेली, जहागीर बहुधा नव्हतीच. पण शिंदेशाही पगडी बांधायची हातोटी घरात राहिली. ग्वाल्हेरच्या मराठी घरांत लग्न ठरलं की नवऱ्या मुलाच्या डोक्याचं माप मानसिंगरावांकडे जातं. ते पैसे घेत नाहीत, चहा मात्र दोनदा घेतात.

त्यांच्या पद्धतीने पगडी एकट्याला बांधता येत नाही. लांबच लांब चंदेरी कापडाचं एक टोक मानसिंगरावांच्या गुडघ्यावर असतं आणि दुसरं टोक बैठकीच्या पार पलीकडे, सुधाताईंच्या हातात. त्या कापडाला पीळ देत राहतात, हे गुडघ्यावर वेढे घेत राहतात आणि कापड कमी होत जातं तशा सुधाताई एकेक पाऊल पुढे येतात. शेवटचा वेढा बसतो तेव्हा दोघांची डोकी आपटायच्या बेतात असतात. मला ते बघायला फार आवडायचं. तसं बोलून दाखवलं असतं तर दोघांनी लाजून दार लावून घेतलं असतं, म्हणून गप्प बसले.

कारण एरवी हा माणूस बायकोशी कामापुरतं बोलणारा. ‘चहा.’ ‘चष्मा.’ ‘लाईट गेली.’ संपलं. “त्यांच्या घराण्यात कौतुक फक्त घोड्यांचं करायचे,” असं सुधाताई म्हणायच्या आणि ते अगदीच थट्टेत म्हणत नसत.

गणपती उठल्यावर, एका सकाळी सुधाताईंनी चहाचा कप पुढे केला आणि मानसिंगरावांचा उजवा हात झटकन वर गेला. चेहऱ्याची उजवी बाजू जराशी ओढली गेली, मिशी वर सरकली, मान किंचित लवली. क्षणभरच. मग काही झालंच नाही अशा थाटात ते चहा पिऊ लागले.

दुपारी सुधाताई माझ्याकडे आल्या त्या लाल होऊन.

“विमलताई, आज यांनी मला मुजरा केला.”

“कशाबद्दल?”

“चहाबद्दल! आणि वर मिशीत हसले पण. मी तर एकदम परेशानच झाले.” मग पदराशी चाळा करत म्हणाल्या, “चाळीस वर्षं झाली लग्नाला. उशिरा का होईना, कदर कळली म्हणायची.”

त्या दिवसापासून मुजऱ्यांचा सपाटा सुरू झाला. चहाला मुजरा, पोळीला मुजरा, धुतलेल्या सदऱ्याला मुजरा. सुधाताईंनी ठेवणीतली पातळं नेसायला काढली. वेणीत फूल दिसू लागलं. पुढे मुजरा दूधवाल्याला मिळाला, टीव्हीवर बातम्या सांगणाऱ्या बाईला मिळाला, एकदा माझ्यादेखत फ्रिजलाही मिळाला. मी म्हणाले, “मानसिंगराव, सरदारी अंगात आली वाटतं!” सुधाताई म्हणाल्या, रिटायर माणसाला असं एखादं खूळ लागतंच. ते मलाही पटलं. या घरांतल्या पोरांना चालायला यायच्या आधी मुजरा शिकवतात. म्हातारपणी तो जास्तच आला तर नवल काय?

पण त्याबरोबर दुसरंही काही येत होतं. नळ उघडा राहू लागला, आणि तोही पाणीपुरवठ्यातल्या माणसाच्या घरी. मुरारच्या बाजारात कापड घ्यायला गेले आणि परतीचा रस्ता विसरले. मुलाचं नाव दोनदा चुकलं. जवळच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. म्हणाले, शरीरात मीठ कमी झालंय, वय आहे, विसरायला होतं. ब्लडप्रेशरमुळे त्यांचं मीठ सुधाताईंनीच तोडलं होतं. त्यांनी सगळं खापर स्वतःच्या डोक्यावर घेतलं आणि वरणात चिमूटभर जास्त घालू लागल्या.

दसऱ्याला आमच्याकडे इथल्या मराठ्यांच्या मंडळाच्या सभागृहात सगळे जमतात, सोनं देतात, आणि तरुण पोरांना दाखवण्यासाठी मानसिंगराव सगळ्यांसमोर पगडी बांधतात. त्या वर्षीही ते अंगरखा घालून आले. दारातच मंडळाचे अध्यक्ष दौलतसिंह भेटले. ऐंशीच्या घरातले, फौजेत राहिलेले, कडक गृहस्थ. मानसिंगरावांचा हात वर गेला. मुजऱ्याला मुजरा परत न देणं म्हणजे अपमान, तेव्हा दौलतसिंह कमरेत वाकले आणि त्यांनी तो परत दिला. मानसिंगरावांचा हात पुन्हा गेला. दौलतसिंहांनी पुन्हा दिला. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. माघार घ्यायला दोघांपैकी कुणी तयार नाही असंच सगळ्यांना वाटत होतं, आणि भोवतालची मंडळी कौतुकाने बघत होती. शेवटी दौलतसिंहांच्या सुनेने सासऱ्यांना धरून खुर्चीत बसवलं. “वाह! याला म्हणतात घराणं,” ते धापा टाकत म्हणाले.

इतक्या माणसांत एकालाही वाटलं नाही की हे काहीतरी वेगळं आहे. वाटणार कसं? सगळे मराठेच. आणि मी ब्राह्मण असले तरी त्यांच्यातच वाढलेली.

मग पगडी सुरू झाली. सुधाताईंनी सभागृहाच्या त्या टोकाला कापड धरलं. पीळ पडत गेला, वेढे बसत गेले, त्या पावलापावलाने पुढे सरकत होत्या. निम्मी पगडी झाली आणि मानसिंगराव थांबले. गुडघ्यावरच्या कापडाकडे पाहिलं. हात एकदा झटकन वर गेला आणि कापड सुटलं. मग त्यांनी मान वर केली, सुधाताईंकडे पाहिलं आणि अगदी अदबीने विचारलं, “बाई, तुम्ही हे कशाला धरलंय?”

सुधाताईंनी कापड सोडलं नाही. तशाच उभ्या राहिल्या, हातातल्या टोकाला पीळ देत. हा माणूस हिला विसरत चाललाय, आता रोज थोडा थोडा विसरत जाणार, हे मला तिथे लख्ख दिसलं आणि सुधाताईंनाही दिसलं असणार.

मुलाला, संग्रामसिंहला, त्याच रात्री फोन गेला. तो नोएडात नोकरी करतो, त्याची मराठी दिल्लीच्या वाटेवर कुठेतरी अर्धी सांडली आहे. “आई, तू टेन्शन मत ले. मी सुबह तक पोहोचतो. बाबांना अकेला सोडू नको.” सकाळी तो आला आणि आम्ही चौघं गावातल्या पडाव भागातल्या एका इस्पितळात मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टर निघाल्या तरुण. गरिमा भदौरिया, भिंडच्या. मराठीचा गंध नाही, मराठ्यांच्या रीतिरिवाजांचा तर नाहीच. सुधाताई विसरण्याबद्दल सांगत होत्या, डॉक्टर लिहून घेत होत्या. तेवढ्यात मानसिंगरावांचा हात वर गेला. डॉक्टरांचं पेन थांबलं.

“ये क्या किया इन्होंने?”

“कुछ नहीं डॉक्टर साहब, आपको नमस्ते किया,” सुधाताई म्हणाल्या. मुजरा हा शब्द हिंदीत बाईमाणसासमोर उच्चारायची सोय नाही. “हमारे यहाँ ऐसे ही करते हैं.”

डॉक्टर त्यांच्याकडेच बघत राहिल्या. मानसिंगराव भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होते. हात पुन्हा उठला, तोंड ओढलं गेलं.

“अब किसको किया?”

संग्रामसिंहने मागे वळून कॅलेंडरकडे पाहिलं.

“नींद में भी हाथ ऐसे उठता है?”

सुधाताईंनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, “हाँ. मुझे लगा, सपने में कोई आया होगा.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. आवाज मऊ केला. “माताजी, ये नमस्ते नहीं है. ये दौरा है. दिमाग़ का दौरा.”

मला गोलगोल बोलणं खपत नाही. मी म्हणाले, जे असेल ते सरळ सांगा, आम्ही ऐकू शकतो. डॉक्टरांनी सांगितलं आणि चांगलं सांगितलं. चेहरा आणि हात एकाच बाजूचे असे क्षणभर ओढले जाणं, दिवसातून पुष्कळदा. सोबत विसरणं, रक्तातलं मीठ कमी होणं. साठी ओलांडलेला पुरुष. या सगळ्याचा मिळून एक आजार असू शकतो. मेंदूला सूज येते. कधी एखादा विषाणू मेंदूत शिरल्याने येते. कधी शरीरात कुठेतरी कॅन्सर लपलेला असतो, त्याच्याशी लढायला शरीराने जे तयार केलं तेच मेंदूवर उलटतं. आणि कधी कॅन्सर नसतो, विषाणूही नसतो. शरीराचे शिपाई उगाचच आपल्या माणसाला शत्रू समजून त्याच्यावर धावून जातात. तसं असेल तर औषध आहे. पंधरा-वीस वर्षांपूर्वी कुणाला हे ओळखता येत नव्हतं. अशा माणसांना वेड लागलं म्हणायचे, नाहीतर म्हातारपण म्हणून घरात बसवून ठेवायचे. मग कुठल्या कुठल्या देशांतल्या संशोधकांनी अशा रुग्णांच्या रक्तात ती उलटलेली प्रतिद्रव्यं, म्हणजे अँटिबॉडी, शोधून काढली. आता ती तपासता येतात.

“और अगर इनमें से कुछ न निकला?” मी विचारलं.

“तो फिर वो बीमारी हो सकती है जिसका हमारे पास इलाज नहीं,” त्या म्हणाल्या. खोटं बोलल्या नाहीत, म्हणून मला त्या आवडल्या.

मानसिंगरावांना भरती करून घेतलं. संग्रामसिंह खालीवर धावपळ करत होता. सुधाताई आणि मी बाहेरच्या बाकावर बसलो. कॅन्सर या शब्दाने त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं, हे मला समजत होतं. पण त्या बोलल्या ते वेगळंच.

“म्हणजे ते मला नव्हतेच, विमलताई.”

“काय?”

“मुजरे. मी वेडी, फूल माळून बसत होते. त्यांचं डोकं सुजत चाललं होतं आणि मी इकडे आरशात बघत होते.”

मला इतका राग आला की काय सांगू. आजारावर आला, त्या अबोल माणसावर आला, ज्याने चाळीस वर्षांत एक शब्द कौतुकाचा काढला असता तर ही बाई झटक्याला मुजरा समजली नसती. मी त्यांना म्हणाले, “आधी बरे होऊ देत. मग मी बघते त्यांच्याकडे.” त्या रडता रडता हसल्या.

पाठीच्या कण्यातलं पाणी काढून तपासलं, त्यात विषाणू सापडला नाही. मेंदूच्या फोटोत सूज दिसली. रक्ताचा नमुना दिल्लीला गेला, पण डॉक्टर त्याची वाट बघत थांबल्या नाहीत. सलाइनमधून स्टेरॉइड सुरू केलं. सुधाताई पलंगाजवळ स्टूल घेऊन बसल्या ते मानसिंगरावांचा उजवा हात हातात धरूनच. झटका आला की आधी त्यांना कळायचा. मग दोन-तीन दिवसांनी मी डबा घेऊन गेले तर त्या खुणेनेच मला गप्प राहायला सांगत होत्या. मी उभी राहिले. हात पडून होता, साधा, झोपलेल्या माणसाचा असतो तसा. डबा गार झाला तरी तो हात हलला नाही.

कॅन्सरसाठी सगळ्या अंगाचा स्कॅन झाला होता. त्याचा आणि दिल्लीचा असे दोन्ही रिपोर्ट एकाच दुपारी संग्रामसिंहच्या मोबाइलवर आले. तो मोठ्याने वाचू लागला, “दिल्लीवाला… पॉझिटिव्ह.” सुधाताईंनी हंबरडाच फोडला. करोनाच्या दिवसांत त्या शब्दाने आमच्या गल्लीतली माणसं नेली होती. त्याचा दुसरा अर्थ त्यांना कुणी शिकवलाच नव्हता.

“आई, रो मत ना! ही अच्छी खबर आहे. म्हणजे तोच आजार आहे ज्याचा इलाज आहे. आणि स्कॅन साफ आहे, पूर्ण साफ. कॅन्सर नहीं है बाबांना.”

“शपथ घे.”

“तुझी शपथ.”

“माझी नको, मारुतीची घे.”

त्याने मारुतीची घेतली तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला. मीही बाकावर बसले ती जरा जोरातच. गरिमा डॉक्टर आल्या, तर सुधाताईंनी त्यांचे दोन्ही हात धरून आपल्या डोळ्यांना लावले. त्या पोरीला काय करावं सुचेना. म्हणाल्या, सुधारणा सावकाश होईल, मधले काही आठवडे कदाचित त्यांना कधीच आठवणार नाहीत, औषध हळूहळू कमी करू. “और एक बात. हाथ फिर वैसे उठा, तो उसी वक़्त मुझे फ़ोन.” नंबर मी माझ्या मोबाइलमध्ये घातला, अगदी वर.

घरी आल्यावर मानसिंगराव आधी खाऊ लागले. त्या गोळ्यांनी भूक भडकते म्हणतात. आमच्या घरचे लाडूही भिंत ओलांडून गेले. मग नावं परत आली. मुलाचं, माझं, मुरारच्या कापडवाल्याचं. सुधाताईंचं नाव कधी आलं ते मला माहीत नाही. एका सकाळी भिंतीपलीकडून आवाज आला, “सुधा, चष्मा.” त्याआधी नुसतंच ‘चष्मा’ असायचं.

थंडीत ते ओट्यावर उन्हाला बसायचे. एकदा त्यांनी मला बोलावलं. म्हणाले, दसरा आठवत नाही, काय काय झालं ते सांगा. मी सगळं सांगितलं. दौलतसिंह, फ्रिज, दूधवाला. ते हसले. मग मी बाकावरचं बोलणंही सांगितलं, फुलासकट. मी बघते म्हणाले होते, ते बघितलं.

ते खूप वेळ स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “दूध खरंच दाट होतं का?”

मी उठून आले. असल्या माणसापुढे हात टेकावेत नाहीतर काय करावं!

वैशाखात माझ्या मुलाचं, विहंगचं, लग्न ठरलं. पगडी मानसिंगरावांचीच हवी असा त्याने हट्ट धरला. मी नको म्हणत होते. जमली नाही तर त्या दोघांना पुन्हा दसरा बघावा लागेल, याची मला भीती. पण मानसिंगराव स्वतः मुरारला जाऊन कापड घेऊन आले आणि रस्ता न चुकता परत आले.

त्यांच्याच बैठकीत बसलो. विहंग पाटावर, मी दाराशी. सुधाताईंनी पलीकडे टोक धरलं, पीळ द्यायला सुरुवात केली. त्यांचं लक्ष कापडाकडे नव्हतंच, त्या उजव्या हाताकडे बघत होत्या. निम्मी पगडी झाली आणि मानसिंगराव थांबले.

“सुधा,” ते म्हणाले, “पीळ सैल पडतोय. लक्ष कुठंय तुझं?”

सुधाताईंनी नाक ओढलं आणि पीळ घट्ट केला. पुढचे वेढे सरसर बसत गेले. त्या आल्या, अजून जवळ आल्या, शेवटचं टोक त्यांनी मानसिंगरावांच्या बोटांत दिलं आणि पगडी झाली. विहंगच्या डोक्यावर ती अशी बसली की मला माझं पोरगं क्षणभर ओळखू आलं नाही.

मग मानसिंगराव गुडघ्यावर हात ठेवून उठले. सुधाताईंकडे वळले. आणि त्यांचा उजवा हात वर गेला.

“विमलताई, फोन!” सुधाताई किंचाळल्या. “डॉक्टरांना फोन लावा, लवकर!”

माझा मोबाइल हातातच होता. बोट नंबरावर गेलं, तेवढ्यात पाहिलं तर हात कपाळावरून खाली येत होता. सावकाश. मानसिंगराव कमरेत वाकले, बोटं जमिनीला टेकली, पुन्हा कपाळाला लागली. पुन्हा वाकले. झटका क्षणात संपतो. हे संपत नव्हतं. चेहरा सरळ होता, मिशीसुद्धा हलली नव्हती. तिसऱ्यांदा कंबर करकरली तरी ते पूर्ण वाकले.

“फोन ठेवा, विमलताई,” ते तसेच वाकलेले असताना म्हणाले. “हात मी उचललाय.” मग सुधाताईंना म्हणाले, “हा माझा आहे. तुला केलाय.”

सुधाताईंनी पदर तोंडाशी नेला. डोळे वाहत होते. पण शेवटी त्याही सरदारांच्याच घरातल्या.

“आणि आधीचे?” त्या म्हणाल्या. “ते सगळे वाया गेले माझे. ते कोण भरून देणार?”

मानसिंगराव कमरेवर हात ठेवून कसेबसे सरळ होत होते. म्हणाले, “देतो ना. रोज सकाळी. चहा आण आधी.”